पेट्रा आणि वादी रम: चार रात्रींची सहल कशी आखावी

पेट्रा हे खडकात कोरलेलं प्राचीन शहर आणि वादी रम हे वाळवंट, जॉर्डनमधल्या या दोन जागांसाठी चार रात्री पुरतात. "पेट्रा अम्मानहून, म्हणजे राजधानीहून, एका दिवसात उरकतं" हा सल्ला मात्र ऐकू नका. तसं केलं तर सहा तास गाडीत जातात, ऐन गर्दीच्या वेळी आत शिरावं लागतं आणि खजिना या कड्यात कोरलेल्या प्रसिद्ध वास्तूसमोर फोटो काढून परत फिरावं लागतं. म्हणजे शहराचा उंबरठा पाहिला, शहर राहिलंच. वादी मूसा या पेट्राला लागून असलेल्या गावात दोन रात्री, वाळवंटात एक आणि शेवटची अम्मानमध्ये, अशी विभागणी करा आणि ती मोडू नका.

तारखा

मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. उन्हाळ्यात वादी रममध्ये पारा ४० अंशांकडे जातो, डिसेंबर-जानेवारीत रात्री शून्याच्या आसपास उतरतो. महिना ठरला की आधी अमावास्या कधी आहे ते पाहा आणि वाळवंटातली रात्र तिच्या दोन-चार दिवस अलीकडे-पलीकडे बसवा. विमानाचं तिकीट त्यानंतर. पौर्णिमेला वाळू सुंदर उजळते, पण आकाशगंगा पुसली जाते.

पास

जॉर्डन पास, म्हणजे व्हिसाशुल्काची माफी आणि पेट्रा, वादी रमचा प्रवेश एकत्र देणारा पास, देशात उतरण्याआधीच ऑनलाइन घ्या. पेट्रात एक, दोन की तीन दिवस, यानुसार तो ७०, ७५ किंवा ८० दिनारांना मिळतो. ७५ वाला घ्या. किमान तीन रात्री मुक्काम असेल तर व्हिसाचं ४० दिनार शुल्क त्यात माफ होतं. सुटं घेतलं तर व्हिसा ४०, पेट्राचं दोन दिवसांचं तिकीट ५५ आणि वादी रमचा प्रवेश ५, असे १०० दिनार होतात. एक दिनार म्हणजे सुमारे १.४ अमेरिकी डॉलर, तेव्हा हा फरक किरकोळ नाही. फक्त लक्षात घ्या, पास म्हणजे व्हिसा नव्हे. तो शुल्क माफ करतो, परवानगी देत नाही. तुमच्या पासपोर्टला कोणते नियम लागू आहेत ते वेगळं तपासा.

अम्मान विमानतळावरून डेझर्ट हायवेने वादी मूसा साधारण तीन तास. उजेडात पोहोचाल असं विमान निवडा.

पेट्रातले दोन दिवस

आखणी फसते ती इथे, आणि कारण नेहमी एकच असतं: लोक अंतर मोजत नाहीत आणि ऊन कुठल्या बाजूने येतं याचा विचार करत नाहीत. फाटकापासून खजिना, म्हणजे अल-खझनेह, सुमारे दोन किलोमीटरवर आहे. यातला १.२ किलोमीटरचा भाग म्हणजे सीक ही अरुंद घळ. पुढे नाट्यगृह, स्तंभांचा रस्ता आणि कस्र अल-बिंत हे मंदिर यांपर्यंत आणखी तेवढंच. अद-दैर, म्हणजे मठ, त्याच्याही पलीकडे आठशेच्या वर पायऱ्या चढून. जाऊन-येऊन दहा किलोमीटरच्या वर चाल होते. आत जाताना वाट उतरती आहे, त्यामुळे पाय हलके वाटतात. तीच वाट थकल्यावर परत चढायची असते. शेवटच्या चार किलोमीटरसाठी दीड तास आणि अर्धा लिटर पाणी राखून ठेवा.

आता उन्हाची बाजू. खजिना पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यावर थेट ऊन साधारण नऊ ते अकरा या वेळात पडतं. मठ आणि राजथडगी पश्चिमेकडे पाहतात, म्हणून ती दुपारनंतरच खुलतात. सकाळी सातला मठाकडे धावत सुटणारे एवढे चढून सावलीतली भिंत पाहतात.

म्हणून पहिल्या दिवशी फाटक उघडताच, सहाला, आत शिरा. खजिन्यासमोर पंधरा मिनिटं पुरे, उद्या परत यायचंच आहे. नाट्यगृहाच्या थोडं अलीकडे डावीकडे पायऱ्या फुटतात, त्या डोंगरमाथ्यावरच्या बळी देण्याच्या प्राचीन जागेकडे जातात. हा चढ गारव्यातच करा. उतरताना आल्या वाटेने येऊ नका. मागच्या वादी फरासाच्या बाजूने उतरा. तिथे उद्यानमंदिर आणि रोमन सैनिकाचं थडगं आहे, गर्दी जवळजवळ नाही. ही वाट थेट खालच्या मैदानात आणते. तिथे जेवा आणि दुपारी तासभर खरोखर बसा. दीड-दोनच्या सुमारास मठाचा चढ सुरू करा. तोवर वाटेचा बराच भाग सावलीत गेलेला असतो. हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो आणि जागाही लवकर बंद होते, तेव्हा हे सगळं तासभर अलीकडे ओढा.

गाढवावरून पायऱ्या चढू नका. घासून गुळगुळीत झालेल्या दगडावर त्यांचे खूर घसरतात. जनावराचे हाल होतात आणि कडेला पायी चालणाऱ्यालाही धोका असतो. फाटकापासून सीकच्या तोंडापर्यंतचा घोडा "तिकिटातच आहे" असं सांगतात. ते खरं आहे, पण शेवटी बक्षिसी मागितली जातेच.

दुसऱ्या दिवशीही सहाला आत जा, पण या वेळी राजथडग्यांच्या बाजूने अल-खुब्थाची वाट धरा. तासा-सव्वातासात कड्याच्या टोकाशी पोहोचाल. तिथून खजिना थेट खाली दिसतो, आणि नऊपर्यंत थांबलात तर त्यावर ऊन उतरताना दिसेल. खजिन्यासमोरच्या कड्यावर "जवळच्या वाटेने" नेतो म्हणणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. ती वाट निसरडी आहे आणि खुब्था असताना तिची गरजही नाही. बारापर्यंत बाहेर पडा आणि त्याच दुपारी, म्हणजे सहलीच्या तिसऱ्या दिवशी, वादी रमकडे निघा.

पावसाबद्दल मुद्दाम सांगायला हवं. सीक हा वादी मूसाच्या पाण्याचा नैसर्गिक मार्ग आहे. पेट्रा वसवणाऱ्या नबातियन लोकांनी तोंडाशी बांध घालून आणि बोगदा खोदून ते पाणी वळवलं होतं, ते उगाच नाही. डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी वरच्या डोंगरात झालेला पाऊस लोंढा होऊन येतो. १९६३ साली या घळीत पर्यटक वाहून गेले. बाहेर पडा म्हटलं की फोटो अर्धा ठेवून निघायचं, आणि अंदाज वाईट असेल तर दोन दिवसांचा क्रम बदलायचा.

वादी रम

पेट्राहून सुमारे ११० किलोमीटर, दोन तासांच्या आत. भाड्याची गाडी रम गावात ठेवा, वाळूत घालू नका, चाकं रुततात. पुढे छावणीवाल्यांची फोर-बाय-फोर असते.

छावणी ठरवताना दोन प्रश्न लेखी विचारा. पहिला: छावणी संरक्षित क्षेत्राच्या आत आहे का? दीसी गावाच्या बाजूला बाहेर असलेल्या छावण्याही "वादी रम" म्हणूनच विकल्या जातात. दुसरा: जीपची फेरी किती तासांची, आणि त्यात कोणती ठिकाणं? खझअली घळीतली शिलाचित्रं, उम्म फ्रूथची दगडी कमान आणि सूर्यास्त, एवढं तिसऱ्या दिवशीच्या दुपारच्या फेरीत बसतं. दहा ठिकाणांची यादी देणारा तुम्हाला प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं देईल. रात्रीचं जेवण बहुधा झर्ब असतं, वाळूतल्या खड्ड्यात निखाऱ्यांवर शिजवलेलं मांस आणि भाज्या. शाकाहारी असाल तर आरक्षणातच लिहा, तिथे पोहोचल्यावर सांगून उपयोग नाही. वसंतातही रात्री जाड जाकीट लागतं.

चौथ्या दिवशी सूर्योदय पाहून, नाश्ता करून निघा. अम्मान तिथून सुमारे चार तासांवर आहे, म्हणून त्याच दिवसाचं विमान घेऊ नका. परतीचं विमान अकाबाहून मिळत असेल तर उत्तमच. तो विमानतळ तासाभरावर आहे आणि वाचलेली रात्र वाळवंटात घालवता येते.