जुनं जॅकेट आणि शेवटचे आठ सेकंद

ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर जुनं लिव्हाइज डेनिम जॅकेट घ्यायचंय? आधी खिशावरची लाल पट्टी बघा. तिच्यावरच्या लिव्हाइज नावातला इंग्रजी 'ई' कॅपिटल असेल तर माल साधारण 1971 च्या आधीचा. पट्टीचा जवळून फोटो नसेल तर मागवा. साइजच्या आकड्यावर मुळीच जाऊ नका. ही जॅकेटं आखूड आणि अंगासरशी असतात. अंगात नीट बसणारं आपलं एखादं जॅकेट पलंगावर पसरा, काखेपासून काखेपर्यंत टेप लावा आणि तेच माप विक्रेत्याला विचारा.

आता बोली. शिपिंग धरून जास्तीत जास्त किती देणार, तो आकडा आधीच कागदावर लिहा. तीन दिवस आधी बोली लावलीत की बाकीच्यांना चेव येतो. मी शेवटच्या आठ सेकंदांत एकदाच टाकते, 125 नव्हे, 127.63 डॉलर. गोल आकड्यावर थांबणारे पुष्कळ असतात! ईबेवर शेवटच्या बोलीनं वेळ वाढत नाही, आणि कमाल आकडा टाकला तरी किंमत दुसऱ्या नंबरच्या बोलीवर एक पायरीच चढते.

विकणाऱ्याचे हाल वेगळेच. नवऱ्याचं जॅकेट मी लिलावात काढलं, जिंकणाऱ्यानं पैसेच भरले नाहीत. चार दिवस वाट बघितली. मग निरोप: "बायको नको म्हणते." सौदा रद्द करून दुसऱ्या नंबरच्याला 'सेकंड चान्स ऑफर', म्हणजे त्याच्याच बोलीच्या किमतीत घ्यायची संधी, पाठवली. त्यानं तोवर दुसरं घेतलं होतं. तेव्हा ही ऑफर पाचव्या दिवशी लगेच पाठवा. मी आठवडा घालवला.