उंबराची फांदी हातात घेण्याआधी

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, सासवडच्या बाजूला पाणाड्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी शोधून देणारा, म्हणून ओळखले जायचे. कुणी पाणी बघायला बोलावलं तर पैसे घ्यायचे नाहीत, फक्त एक नारळ घ्यायचे. त्यांच्या मागं मी लहानपणी पुष्कळ हिंडले. पुढं पुण्यात ३१ वर्षं भूगोल शिकवला, आता कर्वेनगरात राहते. सोसायटीत बोअरचा विषय निघाला किंवा कुणी भोरकडं प्लॉट घेतला, की मला विचारणा होते, 'ताई, पाणी बघायच्या तारा कशा धरायच्या?' तारा धरायला दहा मिनिटांत येतात. त्या हलल्या की काय समजायचं, हे मात्र नीट सांगायला हवं, कारण त्यावर लोक लाखभर रुपये जमिनीत घालतात.

आधी शब्द. पाणी बघणारा 'शीर' म्हणतो, म्हणजे खालून जाणारी पाण्याची वाट. हा शब्द फार जुना आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अध्याय आहे, त्यात सुरुवातीलाच म्हटलंय की माणसाच्या अंगात शिरा असतात तशा जमिनीतही वर-खाली असतात. 'डोम' म्हणजे खालून उभं वर आलेलं आणि मग चहूकडं शिरा फुटलेलं पाणी. खोली सांगायची रीत अशी: शिरेवर तारा हलतात ती जागा खुणावायची, तिथून काटकोनात बाहेर चालायचं, पुन्हा हलल्या की जेवढं अंतर चाललो तेवढी खोली. इंग्रजीत याला बिशपचा नियम म्हणतात. हे शब्द समोरचा काय बोलतोय ते कळण्यासाठी लक्षात ठेवा. आपल्याकडच्या खडकात डोम असतो असं मी मानत नाही, त्याचं कारण पुढं येईल.

आता तारा. जाड तांब्याची किंवा पितळेची तार घ्या, नाहीतर कपड्यांचा लोखंडी हँगर कापला तरी चालतो. एक बाजू साधारण ४० सेंटीमीटर, दुसरी १५, मध्ये काटकोन. छोटी बाजू रिकाम्या बॉलपेनच्या नळीत सरकवा, म्हणजे तार मोकळी फिरते. कोपर अंगाला लावून, दोन्ही मुठी खांद्याएवढ्या अंतरावर, टोकं जरा खाली झुकलेली. टोकं वर गेली की तार वाऱ्यानंही फिरते. सावकाश, पावलापुढं पाऊल टाकत चाला. तारा एकमेकींवर आल्या की थांबून खडूनं खूण करा. दादा तारांऐवजी उंबराची दुबेळकी, म्हणजे दोन फाटे फुटलेली फांदी, वापरायचे. दोन्ही टोकं तळहात वर करून मुठीत धरायची, बाहेर ताणायची. फांदी खाली ओढली जायची तेव्हा त्यांच्या मुठीत साल पिळवटून निघायची, ओला पांढरा चीक बोटांना लागायचा. ते फांदी मुद्दाम वळवत होते असं मी कधीही म्हणणार नाही. हात माझ्यासमोर होते, मनगटं थरथरायची.

पण हात वळत होते, हे खरं आहे. ताणून धरलेली फांदी किंवा मोकळी तार ही तराजूच्या काट्यासारखी असते, मनगट केसभर कललं की ती हातभर फिरते. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं लोलक हातात धरून पाहिला, डोळे बांधले की त्याचं झुलणं थांबायचं; हे त्यानं १८३३ साली छापलं. १८५२ साली विल्यम कारपेंटरनं या नकळत होणाऱ्या हालचालीला आयडिओमोटर असं नाव दिलं. मनात जे येतं ते हात करतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

म्हणून तारा बनवल्या की पहिलं काम परीक्षेचं. आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये केली तशी करा. एकसारख्या दहा बादल्या, एकीत काठोकाठ पाणी, नऊ रिकाम्या, सगळ्यांवर ताटं आणि वरून चादर. चिठ्ठी काढून कुठल्या बादलीत पाणी ते ठरवायचं. ठरवणाऱ्यानं आत निघून जायचं, तारा धरणाऱ्याजवळ उभं राहायचं नाही, कारण त्याच्या चेहऱ्यावरूनही कळतं. मी २० वेळा चालले. आधी बादली माहीत असताना २० पैकी २०, तारा अशा कडकडून जुळायच्या की अंगावर काटा यायचा. माहीत नसताना ३. नुसत्या नशिबानंही २ यायलाच हव्यात. त्या संध्याकाळी मला रडू आलं, दादांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. कोठाराच्या खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप सरकवायचा, वरच्या मजल्यावर पाणाड्यानं जागा सांगायची. सुमारे ५०० जणांतून निवडलेले ४३, एकूण ८४३ खेपा. काहींना खरंच जमतं असा निष्कर्ष प्रयोग करणाऱ्यांनी काढला. पुढं एनराइट या शास्त्रज्ञानं तेच आकडे तपासले तेव्हा ते नशिबापेक्षा वेगळे निघाले नाहीत.

पाण्यासारखीच जमिनीतली ऊर्जाही तारांनी, लोलकानं कळते असं काही जण मानतात, आणि घरातल्या या 'पृथ्वीऊर्जे'चे शब्द हल्ली पुण्यात फ्लॅट बघताना कानावर पडतातच. 'हार्टमन रेषा' म्हणजे एर्न्स्ट हार्टमन या जर्मन डॉक्टरनं सांगितलेलं जाळं, एका दिशेला २ मीटर, दुसऱ्या दिशेला अडीच मीटर. 'करी रेषा' तिरप्या, साधारण साडेतीन मीटरवर. 'जिओपॅथिक स्ट्रेस' म्हणजे या रेषांचा छेद किंवा खालची शीर यामुळं होतो असं म्हटलं जाणारा त्रास. 'बोविस' हा जागेची ऊर्जा मोजायचा आकडा, पण तो लोलकानंच काढतात, मीटर कुठला नसतो. 'ले लाइन' ही कल्पना १९२१ मध्ये आल्फ्रेड वॉटकिन्सनं इंग्लंडमधल्या जुन्या सरळ वाटांसाठी मांडली, ऊर्जा तिला नंतरच्या लोकांनी चिकटवली.

आमच्या शेजारच्या वहिनींना एका सल्लागारानं सांगितलं की तुमच्या पलंगाखाली हार्टमनचा छेद आहे, म्हणून पाठ दुखते. जमिनीत पुरायच्या तांब्याच्या सळ्यांचे पैसेही घेतले. वहिनींची झोप उडाली ती उडालीच. मी कागद घेऊन त्यांच्याजवळ बसले. जाळ्याचा एक चौकोन २ गुणिले अडीच, म्हणजे ५ चौरस मीटर, आणि दर चौकोनामागं एक छेद. पलंग ६ बाय साडेसहा फूट, म्हणजे साडेतीन चौरस मीटरहून थोडा जास्त. रेषा आहेत असं मानलं तरी पुण्यातल्या दहांपैकी सात डबल पलंगांखाली छेद येणारच. असा हिशेब तुम्हीही करून बघा आणि पाठ दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरकडं जा. वहिनींच्या मणक्याचं दुखणं तपासणीत निघालं.

मग दादांना पाणी लागायचं कसं? हे मला फार उशिरा कळलं. फांदी हातात घ्यायच्या आधी ते सकाळपासून दुपारपर्यंत रान हिंडायचे. वैशाखात कुठली विहीर आटत नाही, ते घरातल्या बायकांना विचारायचे. ओढ्याची वळणं, उंबर, जांभूळ, वारुळं बघायचे. दकार्गलातही हेच आहे: जांभळाच्या पूर्वेला जवळ वारूळ असेल तर त्याच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या माणसाची उंची. विहिरीत वाकून थर बघायचे: वर मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे सच्छिद्र खडक, खाली काळा पाषाण. पुण्याचा खडक लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला. त्यात नद्या वाहत नाहीत, म्हणून डोमही मी मानत नाही. पाणी असतं ते कुजलेल्या मुरमात, भेगांत, मांजऱ्यात. पाषाण अखंड लागला तर कितीही खोल गेलात तरी भुकटीच उडते. (पेठांत मात्र खाली खरोखरच पाण्याची वाट आहे, नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून आणलेला नळ. तिथं नकाशा बघा.)

तेव्हा तुम्ही असं करा. आजूबाजूच्या निदान पाच विहिरी-बोअरना भेट द्या, दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मेमध्ये मोजा आणि दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा मोजा. किती फुटांवर पाणी लागलं आणि किती फुटांवर बंद झालं, ते मालकाकडून लिहून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून हेच काम करते, तिचं मुख्यालय पुण्यातच आहे, तिथं तुमच्या गावाची माहिती विचारा. विद्युतरोध सर्वेक्षण करून घेता आलं तर उत्तम. त्यात जमिनीत वीज सोडून ओला थर आणि कोरडा थर यांतला फरक मोजतात. हवं तर तारा घेऊनही चाला, पण आदल्या रात्री. आपली खूण कागदावर लिहून पाकिटात घाला आणि सर्वेक्षणवाल्याला दाखवू नका.

भावाच्या रानात बाहेरून आणलेल्या पाणाड्यानं दाखवलेल्या दोन जागा कोरड्या गेल्या, दुसरी ३२० फुटांपर्यंत. तिसरी आम्ही ओढ्याच्या काठाला, न आटणाऱ्या विहिरीच्या अंगाला धरली. बोअर मारताना दर दहा फुटांची भुकटी मी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून वर मार्करनं आकडा टाकत होते. ७० ला तांबडी, ८० ला राखाडी, ९० ला भुकटी ओली चिखल होऊन हाताला चिकटली. गाडीवाला म्हणाला, 'बाई, सरका मागं, पाणी आलं.' त्या पिशव्या अजून माझ्याकडं आहेत. तुमच्या बोअरच्याही भरून ठेवा, आणि शेजारचा माणूस बोअर मारायला निघाला की त्याला नेऊन दाखवा.