हॉट लॅबमध्ये, म्हणजे स्कॅनची किरणोत्सारी औषधं हाताळतात त्या खोलीत, नवीन आहात? मग हे वाचून घ्या

सकाळी साडेसहाला ड्रायव्हर भाऊंचा फोन येतो, "मॅडम, कसारा घाटात अडकलोय", आणि तिथूनच आमच्या दिवसाचं गणित सुरू होतं. पेट स्कॅनसाठी टोचायचं किरणोत्सारी औषध, एफडीजी, आमच्याकडे मुंबईहून गाडीनं येतं. त्यातल्या फ्लोरीन-१८ चं हाफ-लाइफ, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, ११० मिनिटं, म्हणजे तिकडे भरल्यापासून नाशिकला आपल्या दारात यायला ३ तास ४० मिनिटं लागली तर हातात फक्त चौथा हिस्सा उरतो. मग काय, उशीर झाला की नवीन पोरं पळापळ करायला लागतात आणि चुका तिथेच होतात. काम झटपट करायचं हे खरं, पण झटपट आणि घाईघाईत यात फरक आहे ना.

बॉक्स आला की लगेच उघडायचा नाही. आधी सर्व्हे मीटर (किरणोत्सार मोजायचं हातातलं यंत्र) चालू करून बॅकग्राउंड, म्हणजे खोलीतलं एरवीचं रीडिंग, बघायचं, मग बॉक्सला चिकटून आणि १ मीटर लांबून रीडिंग घ्यायचं. लेबलवर टीआय (ट्रान्सपोर्ट इंडेक्स, १ मीटरवर किती रीडिंग यावं तो आकडा) लिहिलेला असतो, १ मीटरचं रीडिंग त्याच्यापेक्षा जास्त दिसलं तर हात न लावता आरएसओला, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला, बोलवा. बाहेरून वाइप घेऊन, म्हणजे कागदानं पुसून, तो कागद तपासा, गळती नाही ना एवढं बघायला दोन मिनिटं लागतात.

आता मुख्य गोष्ट. शिकवताना तीन शब्द पाठ करून घेतात, टाइम, डिस्टन्स, शील्डिंग (वेळ, अंतर आणि मध्ये आडोसा), आणि प्रत्येकाला वाटतं की शिसं सगळ्यात भारी. माझ्या मते अंतर सगळ्यात भारी आणि फुकटसुद्धा. १ मीटरवरून २ मीटरवर गेलात की डोस चौथाई होतो, आणि हेच उलटं बोटांच्या बाबतीत बघा, व्हायल, म्हणजे औषधाची बाटली, बोटांनी धरलीत तर १ सेंटिमीटर, लांब चिमट्यानं धरलीत तर १० सेंटिमीटर, म्हणजे साधारण शंभरपट फरक. तरी लोक "चिमट्यानं नीट पकडता येत नाही" म्हणून हातानं उचलतात. येत नाही तर सराव करा ना! नुसतं सलाइन भरलेली व्हायल घ्या, एल-बेंचच्या (टेबलावरच्या शिशाच्या आडोशाच्या) मागे बसा आणि चिमट्यानं उचलणं, सिरिंज शील्डमध्ये सिरिंज बसवणं, डोस कॅलिब्रेटरमध्ये (डोस मोजायच्या यंत्रात) टाकणं हे दहा वेळा करा. हात आपोआप चालायला लागला की वेळ अर्धा होतो, पण खऱ्या मटेरियलवर शिकत बसू नका.

लेड अॅप्रनचं पण सांगते, कारण इथे फार गैरसमज आहे. एक्स-रे विभागातून आलेल्या मुलांना अॅप्रन घातला की कवच चढल्यासारखं वाटतं. टेक्नेशियम-९९एम हे आमच्या दुसऱ्या स्कॅनचं किरणोत्सारी द्रव्य, त्याचा गॅमा किरण १४० केईव्ही ऊर्जेचा, त्याच्यासाठी अर्धा मिलिमीटर शिशाचा अॅप्रन बऱ्यापैकी, साधारण पाऊण भाग अडवतो. पण पेटमध्ये ५११ केईव्हीचे किरण असतात, तिथे तोच अॅप्रन शंभरातले नव्वदच्या वर आरपार जाऊ देतो. ५११ निम्मं करायलाच चार ते पाच मिलिमीटर शिसं लागतं, ते अंगावर घालून कोण फिरणार? उगाच पाठ दुखते आणि वजनामुळे हालचाल मंदावते ती वेगळी. म्हणून पेटला जाड एल-बेंच, टंगस्टनचं सिरिंज शील्ड, आणि बाकी अंतर.

इंजेक्शननंतर पेशंट स्वतःच सोर्स असतो, किरण त्याच्याकडूनच येतात, हे विसरायचं नाही. मागे निफाडचे एक द्राक्षबागायतदार आजोबा होते, इंजेक्शन झालं आणि म्हणाले, "ताई, बसा की जरा, एकटं करमत नाही." आता नाही म्हणायलाही जीवावर येतं. तेव्हापासून मी क्रम ठरवून टाकलाय. आधी उंची-वजन, शुगर, कॅन्युला, टॉयलेट कुठलं वापरायचं, पाणी किती प्यायचं, फॉर्मवर सही, सगळ्या शंका, बागेच्या गप्पा पण आधीच, आणि शेवटी इंजेक्शन, मग मी बाहेर. सांगूनच टाकते, "आजोबा, नंतर मी पळणार बरं का, राग मानू नका, कॅमेऱ्यातून बघतेय." नातेवाइकांनाही त्या खोलीत थांबू देऊ नका.

सांडलं तर? माझं सांडलंय. एका शनिवारी संध्याकाळी टेक्नेशियम देताना थ्री-वे (सुईच्या नळीची तोटी) सैल राहिला, दोन थेंब खाली पडले, मला कळलंच नाही आणि मी तशीच कॉरिडॉरमधून दोन चकरा मारून आले. निघताना मीटर पायाजवळ नेला तर असा कडकडायला लागला की बस्स. चप्पल पिशवीत घालून, वर आयसोटोप, तारीख, वेळ लिहून डिके स्टोरेजमध्ये, म्हणजे किरणोत्सार ओसरेपर्यंत वस्तू ठेवायच्या जागी, ठेवली आणि घरी स्कूटीवर ओटीच्या हिरव्या स्लिपर घालून गेले. ६ तासांचं हाफ-लाइफ, अशी दहा झाली म्हणजे ६० तास, मंगळवारी चप्पल परत मिळाली, अर्थात मीटर लावून बघूनच. तेव्हा शू-कव्हर घाला, आणि सांडलं की पहिलं तोंड उघडा, "सांडलंय, कुणी येऊ नका" असं ओरडून सांगा. मग वरून शोषणारा कागद टाका आणि बाहेरून आत पुसत या, आतून बाहेर पुसलं की डाग पसरतो. हाताला लागलं तर कोमट पाणी आणि साधा साबण, ब्रशनं खरवडू नका, कातडी सोलली तर आत जाईल.

कचऱ्याचा हिशोबही तोच, दहा हाफ-लाइफ म्हणजे हजाराव्या भागाच्या आसपास. फक्त आयोडीन-१३१ वेगळ्या डब्यात, त्याचं हाफ-लाइफ ८ दिवस, म्हणजे ८० दिवस ठेवा, टेक्नेशियमच्या पिशवीत टाकलंत तर सगळीच पिशवी तेवढे दिवस अडकते. शिवाय आयोडीन उडतं, वास घेत बसू नका, फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफ ओढून घेणाऱ्या कपाटातच, उघडा.

घरात किंवा विभागात कुणी प्रेग्नंट असेल तर? घरच्यांना तुमच्यामुळे काही होत नाही, हात-कपडे तपासून निघालात की झालं. पण तुम्ही स्वतः असाल तर लाजू नका, त्याच दिवशी आरएसओला सांगा, कारण मग उरलेल्या काळात बाळाचा डोस १ मिलिसिव्हर्टच्या (किरणांच्या डोसचं माप) वर जाऊ द्यायचं नसतं आणि काम बदलून मिळतं. एरवी आपली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३०.

टीएलडी बॅज, म्हणजे आपल्याला किती डोस लागला ते नोंदवणारा बिल्ला, छातीवर, अॅप्रन घातला तर त्याच्या आत. रिंग बॅज दिला असेल तर ज्या हातानं लिहीत नाही त्या हाताच्या तर्जनीच्या मुळाशी, चिप तळहाताकडे, अंगठीच्या खड्यासारखी वर नाही. स्वतःचा एक्स-रे काढायचा असेल तर बॅज काढून ठेवा. आणि सुट्टीवर जाताना बॅज कोटाला लावून कोट हॉट लॅबच्या खुंटीला अडकवू नका, आमच्या एकानं अडकवला होता, तिमाहीचा रिपोर्ट आला तेव्हा सुट्टीवर असलेल्या माणसाचाच डोस सगळ्यात जास्त, मग खुलासा लिहिण्यात अख्खी दुपार गेली. कंट्रोल बॅज (तुलनेसाठी ठेवलेला, कुणीही न घालायचा बॅज) ज्या स्टँडवर असतो, तिथेच रोज संध्याकाळी आपला लावा.