लुपिन द थर्डचे टीव्ही स्पेशल बघायचेत? मग सुरुवात अशी करा

लुपिन द थर्ड म्हणजे लुपिन नावाच्या चोराच्या जपानी अ‍ॅनिमेशनमधल्या गोष्टी. लुपिन बघायचाय पण यादी बघूनच दमलो असं म्हणणारे बरेच जण भेटतात, आणि त्यांचं चुकत नाही, कारण 1971 पासूनच्या मालिका आहेत, थिएटरमधले पिक्चर वेगळे आणि वर 1989 ते 2013 जपानच्या निप्पॉन टीव्हीवर दरवर्षी एक याप्रमाणे आलेले दीड-दीड तासाचे टीव्ही स्पेशल. पण क्रमाने बघायची अजिबात गरज नाही. प्रत्येक स्पेशल म्हणजे स्वतंत्र गोष्ट, आधीच्या पिक्चरमध्ये काय झालं ते पुढच्याला माहीतच नसतं, त्यामुळे कुठूनही उचला, चालतं.

फक्त पाच माणसं ओळखीची हवीत. लुपिन हा मॉरिस लब्लांच्या फ्रेंच कथांमधल्या आर्सेन लुपिनचा नातू, मंकी पंच यांनी 1967 मध्ये मांगात, म्हणजे जपानी कॉमिक्समध्ये, आणलेला. जिगेन म्हणजे डोळ्यांवर हॅट ओढलेला नेमबाज, गोएमॉन म्हणजे तलवारीने लोखंडही कापणारा सामुराई, फुजिको जी कधी यांच्या बाजूने असते तर कधी माल घेऊन पळते, आणि इंटरपोलचा झेनिगाता, ज्याच्या आयुष्यात लुपिनला पकडण्याशिवाय दुसरं ध्येय नाही. बस, एवढं पुरे.

आता पहिला कुठला? बहुतेक जण 1979 चा कॅग्लिओस्ट्रोचा किल्ला सांगतात. दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा तो पहिला मोठा पिक्चर, सुंदर आहे, बघाच, पण तो थिएटरचा आणि त्यातला लुपिन फार सज्जन आहे, तोच डोक्यात ठेवून स्पेशल लावलात की इथला लंपट आणि जरा आगाऊ लुपिन खटकतो. म्हणून मी सगळ्यांना 2002 चा फर्स्ट कॉन्टॅक्ट आधी लावायला सांगते. त्यात जिगेन एका रिपोर्टरला ही गँग पहिल्यांदा कशी भेटली ते सांगतो, म्हणजे नव्याने बघणाऱ्याला सगळ्यांची ओळख आपोआप होते, आणि तो सांगतोय त्यातलं खरं किती हा प्रश्न शेवटपर्यंत डोक्यात ठेवून बघा, मजा दुप्पट होते.

त्यानंतर मागे 1989 च्या पहिल्याच स्पेशलकडे या, बाय बाय लिबर्टी, दिग्दर्शक ओसामू देझाकी. पोलिसांच्या कॉम्प्युटरला लुपिनची पुढची चाल आधीच कळायला लागते म्हणून तो चोरी सोडायचं ठरवतो आणि मग जिगेन स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यात लपवलेल्या हिऱ्याची बातमी घेऊन येतो!! 1989 मध्ये हा विषय सुचला याचं मला आजही कौतुक वाटतं. देझाकींची एक सवय आहे, महत्त्वाच्या क्षणी चित्र थांबतं आणि रंगवलेल्या पेंटिंगसारखं होतं, व्हिडिओ अडकला समजून रिफ्रेश करू नका, ते मुद्दाम केलेलं आहे.

मूड गंभीर असेल तर 1997 चा वॉल्थर पी38 वाला, लुपिनच्या पिस्तुलामागचा जुना घाव त्यात आहे. पण रक्त भरपूर, आणि एकूणच जुन्या स्पेशलमध्ये अंगप्रदर्शनही असतं, लहान मुलांना शेजारी बसवण्याआधी एकदा स्वतः बघून घ्या. 2009 चा कोनानसोबतचा मात्र कोनान, म्हणजे दुसऱ्या जपानी मालिकेतला छोटा डिटेक्टिव्ह, थोडाफार माहीत असेल तरच बघा.

शोधताना एक घोळ हमखास होतो, एकाच पिक्चरला इंग्रजीत दोन-तीन नावं असतात. उदाहरणार्थ 1994 चा गोएमॉनवाला, टायटॅनिकसोबत बुडालेल्या ड्रॅगनच्या मूर्तीचा, कुठे ड्रॅगन ऑफ डूम म्हणून सापडतो तर कुठे झांतेत्सुकेनच्या, म्हणजे गोएमॉनच्या तलवारीच्या, नावाने. नावापेक्षा साल टाकून शोधा.

ऑडिओ शक्यतो जपानीच ठेवा, सबटायटल लावून. 1994 पर्यंतच्या स्पेशलमध्ये लुपिनचा आवाज यासुओ यामादांचा, 1995 मध्ये ते गेले आणि तेव्हापासून कानिची कुरिता. दोन्हीकडचा एकेक लागोपाठ बघा, फरक आणि कुरितांनी तो आवाज किती जिवापाड जपलाय ते दोन्ही कळतं. जिगेन मात्र 1971 ते 2021, 1987 चा एक पिक्चर सोडला तर, एकाच माणसाने बोलला, कियोशी कोबायाशी, पन्नास वर्षं!

आणि सुरुवातीचं म्युझिक स्किप करू नका प्लीज, युजी ओनोंची ती जॅझ थीम 1977 पासूनची आहे आणि ती दर काही वर्षांनी नव्याने बांधलेली असते. एकदा पिक्चर सुरू झाला की कुणाचाही चेहरा खरा धरू नका, विशेषतः झेनिगाताचा, मुखवटा ओढून आतून लुपिन निघणं हा इथला ठरलेला खेळ आहे, आणि तो निघायच्या आधी आपण ओळखला ना की ओरडावंसं वाटतं.