स्वयंपाकघरावरचे सिमेंटचे पत्रे उतरवताना

अमळनेरच्या आमच्या धाब्याच्या जुन्या घराला वडिलांनी मागे स्वयंपाकघर जोडले, तेव्हा त्यावर सिमेंटचे पत्रे टाकले. या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस नावाचे तंतुमय खनिज मिसळलेले असते, हे मला उशिरा समजले. पत्रा अखंड असेपर्यंत तंतू सिमेंटमध्ये बांधलेले राहतात. मात्र वर्षानुवर्षे ऊन-पावसाने पृष्ठभाग झिजला, किंवा पत्रा कापला, घासला वा फोडला, की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत मिसळतात आणि श्वासावाटे फुप्फुसात जाऊन तिथेच अडकतात. त्यातून होणारा कर्करोग अनेकदा वीस-तीस वर्षांनी प्रकट होतो, म्हणूनच "आजवर कुणाला काय झालं?" हा मिस्त्रींचा प्रश्न मला पटला नाही.

त्यांचा विचार हातोड्याने पत्रे फोडून खाली टाकण्याचा होता. मी काम थांबवले. भांडी, धान्याचे डबे बाहेर काढले, आईला आणि मुलांना काकांकडे पाठवले. साबण मिसळलेल्या पाण्याचा हलका फवारा मारून पत्रे ओले ठेवले, गंजलेले बोल्ट सोडवले आणि प्रत्येक पत्रा अखंड उतरवून जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळला. कामगारांना साधा रुमाल पुरत नाही. अतिसूक्ष्म कण अडवणारे पी-१०० फिल्टरचे मास्क मी आग्रहाने दिले. जमीन झाडली नाही, ओल्या फडक्यांनी पुसली आणि ती फडकीही त्याच प्लास्टिकमध्ये बांधली. हा कचरा धोकादायक वर्गात मोडत असल्याने तो उकिरड्यावर न टाकता परवानाधारक वाहतूकदाराकडे दिला.

आता तिथे रंगीत लोखंडी पत्रे आहेत. मे महिन्यातील उकाड्यासाठी खाली उष्णतारोधक थरही घातला आहे.