तसबिरीची भयकथा लिहायची तर आधी तेलरंग समजून घ्या

चित्रातल्या बाईने पापणी लववली की भयकथा झाली, असं नवख्या लेखकाला वाटतं. पण भिंतीवरची तसबीरच खरी वाटली नसेल, तर पापणीचं कुणाला काय? म्हणून सुरुवात रंगापासून करा.

कथा कोल्हापुरात घडवणं सोयीचं. आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या गावात जुन्या वाड्याच्या सोप्यात पणजीचं तेलचित्र असणं कुणाला खटकत नाही.

तेलरंगातलं जवसाचं तेल उडून जाऊन वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. अंधारात ठेवलेलं असं चित्र पिवळं पडतं आणि उजेडात आणलं की बरंचसं निवळतं. अडगळीत भिंतीकडे तोंड करून ठेवलेली पणजी कावीळ झाल्यासारखी दिसते, सोप्यात आणल्यावर काही आठवड्यांत तिला तरतरी येते. हा झाला पहिला धक्का, आणि तो शंभर टक्के खरा आहे!

दुसरा धक्का सफेत्याचा. शिशाचा हा पांढरा रंग जुना होत जाईल तसा पारदर्शक होतो, आणि चित्रकाराने झाकलेली चूक वर येते. पणजीच्या मांडीवर तिसरा हात उमटू लागतो. इथे फ्रेमवाल्याला बोलवा. "जुना सफेता हाय त्यो, खालचं वर येतंयच की," असं तो सहज म्हणून जाऊ दे. वाचक निर्धास्त झाला पाहिजे.

दीड हजार शब्दांच्या कथेत तसबीर तीनदाच दाखवा. तिसऱ्या वेळी तेलरंगाला न जमणारी एकच गोष्ट घडवा: त्या हातात सुनेने आज सकाळी भरलेल्या हिरव्या बांगड्या.

'डोळे पाठलाग करतात' हे वापरू नका. समोर बघणारं कुठलंही चित्र ते करतं.

निवेदकाला ताप किंवा नशा देणं ही सर्रास होणारी चूक. वाचक सगळं त्याच्या डोक्यावर ढकलून मोकळा होतो. अमेरिकी लेखक एडगर ॲलन पो याच्या 'द ओव्हल पोर्ट्रेट' या कथेमध्ये, १८४२ साली 'लाइफ इन डेथ' नावाने छापताना, सुरुवातीला निवेदकाच्या अफूचा मजकूर होता. १८४५ मध्ये त्याने तो कापला. कथा आखूड झाली आणि चित्र पुढे आलं.

बांगड्या दिसल्यावर तसबीर जाळू नका, पंचगंगेतही सोडू नका. माजघरातून सून जेवायला हाक मारते, तिथे थांबा.