कुणाची कथा वाचून मत देताना

पहिल्यांदा पेन्सिल बाजूला ठेवून कथा एका बैठकीत वाचा. दुसऱ्या वाचनात समासात दोनच खुणा करा: जिथे मन गुंतलं तिथे बरोबर, जिथे मागचं पान उलटावं लागलं तिथे प्रश्नचिन्ह. 'कथा आवडली' किंवा 'जमली नाही' यातून लेखकाच्या हाती काही लागत नाही. 'तिसऱ्या पानावर सालदार काम सोडतो, पण मालकाशी त्याचं काय बिनसलं ते कळलं नाही', असं लिहा. उपाय सुचवायची घाई नको. तुमचं वाक्य त्याच्या कथेत ठिगळासारखं दिसतं.

वऱ्हाडी संवाद 'शुद्ध' करू नका. शिकलेल्या वाचकांकडून ही आगळीक हमखास होते. 'मले काऊन सांगून रायला?' हे तसंच राहू द्या. मात्र तेच पात्र दोन ओळींनंतर उगाच 'मला' म्हणत असेल, तर खूण करा. मास्तरांसमोर मुद्दाम 'मला' म्हणत असेल, तर ती चूक नव्हे, लेखकाचं कसब आहे.

शेतीचे तपशील तपासा. पोळ्याच्या दिवशी बायका कापूस वेचताना दाखवल्या, तर गावातला वाचक तिथेच थांबेल. कोरडवाहू कपाशी तेव्हा पात्या-फुलांवर असते. वेचणी साधारण दिवाळीच्या सुमारास. अशी चूक थेट सांगा, आडवळण नको.

शेवटी मोठ्या तीनच गोष्टी निवडून कळवा. पहिल्या खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या मागे लागू नका. तो परिच्छेदच पुढे राहील की नाही, कुणी सांगावं!